कोळसा म्हणजे जळलेलं लाकूडच ना?

पुण्यात कुणालाही सांगितलं की मी दगडी कोळशाचा अभ्यास करते, की प्रश्न ठरलेला: "कोळसा म्हणजे जळलेलं लाकूडच ना? त्यात जुनं जंगल कुठून दिसणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्या पायाखाली सगळा लाव्ह्याचा काळा पाषाण. खाणी दूर, चंद्रपूर-वणी-उमरेडकडे. आपल्या ओळखीचा कोळसा इस्त्रीवाल्याचा, आणि तो खरंच लाकूड जाळून केलेला असतो.

दगडी कोळसा तसा नव्हे. दलदलीत पडलेली झाडं हवेविना अर्धवट कुजली, त्यांचं पीट झालं, वर गाळ साचत गेला आणि खोलवरच्या उष्णतेनं त्याचा कोळसा झाला. तुकड्याला झिलई देऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की घटक वेगळे दिसतात. करडा व्हिट्रिनाइट लाकूड-सालींचा. गडद लिप्टिनाइट बीजाणूंचा, राळेचा, पानांवरच्या मेणचट थराचा. आणि सर्वांत उजळ इनर्टिनाइट.

या इनर्टिनाइटवर माझा विशेष जीव आहे. त्यातल्या काही कणांत लाकडाच्या पेशींच्या भिंती जशाच्या तशा उभ्या असतात, आतून पोकळ. ते त्या काळच्या वणव्यातलं लाकूड. म्हणजे तुमचा प्रश्न थोडा बरोबरच आहे! आपल्या गोंडवन कोळशात (चंद्रपूर-वणीचा तो हाच), २५ कोटी वर्षांहून जुन्या, ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडांच्या जंगलांपासून झालेल्या, इनर्टिनाइट पुष्कळ सापडतो. दलदलीचं पाणी अधूनमधून उतरत होतं, पीट उघडं पडत होतं, पेटतही होतं. हा कोळसा जाळला की राख जास्त उरते, कारण त्या दलदलीत नद्या गाळ आणून टाकत होत्या. आसामच्या कोळशात गंधक जास्त, कारण तिथे समुद्र जवळ होता.

कोळसा किती तापला, हे मात्र फक्त व्हिट्रिनाइटला विचारायचं. जळका कण आधीच उजळ असतो. तो मोजला तर उत्तर चुकतं. व्हिट्रिनाइट पडलेल्या प्रकाशाचा किती भाग परत पाठवतो ते पाहतात: सर्वांत कमी तापलेल्या कोळशात, लिग्नाइटमध्ये, अर्ध्या टक्क्याहून कमी; सर्वांत जास्त तापलेल्या अँथ्रासाइटमध्ये २ टक्क्यांच्या वर. एकदा चढलेला आकडा थर गार झाला तरी उतरत नाही.

झारखंडमधल्या झरियात तर कोळशाच्या काही थरांमध्ये तप्त शिलारस घुसला. त्याला लागून असलेल्या कोळशाचा जमिनीतच कोक झाला, म्हणजे उष्णतेनं त्यातले वायू निघून जाऊन कडक, सच्छिद्र पदार्थ उरला. तिथले लोक त्याला झामा म्हणतात. थोडं दूर गेलं की त्याच थरात, त्याच दलदलीचा साधा कोळसा मिळतो.