तुम्ही विचारलंत म्हणून : चालू गाडी मोडीत का काढलीत?

हा प्रश्न मला अजिंक्यताऱ्याच्या चढावर विचारतात, मोती चौकात विचारतात, आणि लग्नाच्या पंगतीत तर हमखास. सूर सगळ्यांचा एकच. मारुती एटहंड्रेड एका चावीत सुरू होत होती, पंचवीस वर्षांत तिनं कधी दगा दिला नाही, गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन दारात उभं होतं, आणि तरी मॅडमनी ती कापायला दिली! काहींना वाटतं कायद्यानं भाग पाडलं. काहींना वाटतं, दुसऱ्याच्या हातात बघवली नसती म्हणून. दोन्ही नाही. एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढच्या लग्नात निवांत जेवता येईल.

आधी कायद्याचं, कारण त्यात गैरसमज फार. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पण पंधरा वर्षं भरली म्हणून साताऱ्यात कुणी गाडी ओढून नेत नाही. ते दिल्लीचं प्रकरण वेगळं. आपल्याकडे आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा आणि पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यायची. मी २०१५ मध्ये वाढवली, २०२० मध्ये वाढवली. तिसऱ्यांदा वाढवायची ती २०२५ च्या दिवाळीत. त्याआधी ऑगस्टमध्ये नियम आला की वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी दहा हजार. २०२० मध्ये हीच फी सहाशे होती, २०२२ पासून पाच हजार झाली, आता दहा. वर पर्यावरण कर, वर नव्या नंबरप्लेटचे पैसे. तीसेक हजार किंमत उरलेल्या गाडीला हे जड जातं, खोटं कशाला बोलू. पण परवडेना म्हणून गाडी गेली, असं नाही. पैसे भरायची माझी तयारी होती. त्या तयारीसाठीच तर ती रॅम्पवर चढवली.

गाडी घेतली २००० च्या दिवाळीत. पांढरी, चार गिअरची, एसी नाही, एमएच ११. मी तेव्हा जावळी तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी होते. मेढा, केळघर, कास ओलांडून बामणोलीच्या बाजूच्या शाळा. सकाळच्या एसटीनं जायचं तर जाता येई, पण शाळा तपासून होईपर्यंत परतीची एसटी निघून गेलेली असे. मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून या, नाहीतर मुख्याध्यापकांच्या घरी मुक्काम करा. कर्ज काढून गाडी घेतली तेव्हा ऑफिसात कुजबुज झाली की बाई साहेबीण झाल्या. शाळांवर मात्र पोरं ‘बाई आल्या’ म्हणायचं सोडून ‘गाडी आली’ म्हणायला लागली, आणि ती हाळी ऐकून वर्गातले फळे लगबगीनं पुसले जायचे. यवतेश्वरच्या घाटात पहिल्या गिअरवर ती कण्हत चढायची, पण चढायची.

माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे सुट्टी लागली की कोयनानगरवरून कुंभार्ली घाट. एका जुलैत ऐन घाटात वायपरची मोटर गेली. पाऊस असा की बॉनेट दिसेना. हे शेजारी बसलेले, मुलगी मागे, आणि बाजूला घ्यायला जागा नाही. एका वळणावर थोडी रुंदी मिळाली तिथे थांबलो, तर मागचा ट्रकही थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, खिशातली तंबाखूची पुडी काढली, तळहातावर पावसाच्या पाण्यात भिजवली आणि आमच्या काचेवर बाहेरून चोळली. पाण्याचे थेंब धरायचे बंद झाले, पाणी नुसतं पातळ पसरून वाहायला लागलं, आणि पलीकडचा रस्ता दिसायला लागला. पुडी आमच्या हातात ठेवून तो म्हणाला, “खाली पोचेपर्यंत आणखी दोनदा चोळा.” यांनी दोनदा उतरून चोळली. गाडीला तंबाखूचा वास पुढे दिवाळीपर्यंत होता. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हाही घाट सुरू झाल्याबरोबर हीच गाडी खराटे, फिनेल आणि पाण्याचे कॅन भरून खाली गेली होती. मागची सीट काढून ठेवली की तिच्यात काय मावायचं याचा नव्या गाडीवाल्यांना अंदाज नाही.

तेव्हा तिच्यावर माझा जीव होता की नाही, हे विचारू नका. पण गाडीवर जीव असणं आणि गाडीवर भरवसा असणं एक नाही.

सप्टेंबरात रॅम्पवर चढवली. आमचे मिस्त्री खाली उभे, मी त्यांच्या शेजारी. इंजिन उत्तम. सुट्या भागांचीही कधी अडचण नव्हती. एटहंड्रेडचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण तेच ७९६ सीसीचं इंजिन मारुतीच्याच ओम्नी व्हॅनमध्ये पुढे काही वर्षं चालू राहिलं, त्यामुळे सामान कुठेही मिळतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यावर मिस्त्रींनी रबरी पाइप आधीच बदलून ठेवले होते. (आपल्याच कारखान्यांचा ऊस आपल्याच गाड्यांचे पाइप खातो म्हणून ते बडबडत असतात. ऊस त्यांचाही जातो.) मग त्यांनी पेचकस घेतला आणि ड्रायव्हरच्या दाराखालच्या रनिंग बोर्डवर टकटक केलं. एका जागी आवाज बद्द आला. तिथं त्यांनी टोक जरा दाबलं आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला लाल चिखल आणि गंजाच्या पापुद्र्यांचा लगदा.

रनिंग बोर्ड आतून पोकळ असतो. पाणी निघून जावं म्हणून त्याला खालून भोकं ठेवलेली असतात. जावळीच्या लाल मातीत वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीची ती भोकं बुजतात, पाणी आत मुरतं आणि पत्रा आतून सडत येतो. बाहेरचा रंग शाबूत, धुतली की चकचकीत. आणि ड्रायव्हरच्या सीटबेल्टचा खालचा बोल्ट जिथं आवळलेला असतो तो खांब याच रनिंग बोर्डवर उभा. मिस्त्रींनी तिथंही टोचून दाखवलं. नरम.

जुन्या गाड्या मजबूत होत्या, आताच्या नुसत्या कागदाच्या, असं म्हणणारे लोक इथे पैशाला पासरी आहेत. एटहंड्रेडचा पत्रा जाड होता असं ज्याला वाटतं त्यानं ती कधी स्वतः धुतलेली नाही, एवढंच मी म्हणेन. अंगठ्यानं दाबला तरी पत्रा आत जायचा. सगळी मिळून साडेसहाशे किलोची गाडी, आराखडा १९८६ चा. ती टिकली, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं. टिकली म्हणून ती माणसाला वाचवेल, हा हिशोब मात्र जुळत नाही. नव्या गाडीचं नाक चुरगळतं ते मुद्दाम चुरगळायला केलेलं असतं. कॅच घेताना आपण हात मागे घेतो ना, तसं. धक्का जरा जास्त वेळात विभागला जातो आणि माणूस बसतो ती जागा शाबूत राहते. जुन्या गाडीत चुरगळायची पाळी आपल्यावर येते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या संस्थेनं भारतातल्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं आपटून पाहिल्या होत्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले, आणि त्या माझ्या गाडीपेक्षा कितीतरी नव्या होत्या. एप्रिल २०१० पासून प्रदूषणाच्या नव्या मानकांमुळे पुण्यासह तेरा शहरांत नवी एटहंड्रेड मिळेनाशी झाली, साताऱ्यात मिळत राहिली. मोठ्या शहरांत बंद झालेलं आपल्याकडे पुढची काही वर्षं चालतं, त्यातलाच हा प्रकार. धुराचं कळलं तरी, आपटली तर काय, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं. मीही नाही.

आणि रस्ता तोच राहिला नाही. तेव्हाचा चार नंबरचा हायवे आता अठ्ठेचाळीस नंबरचा झालाय आणि त्यावर शंभरच्या पुढे धावणाऱ्या गाड्यांमधून चार गिअरची गाडी सत्तरनं न्यायची म्हणजे दर मिनिटाला आरशात बघायचं. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं अपघाताचं वळण तुम्हाला माहीत आहे.

आता त्या गिऱ्हाइकाचं, कारण खरा प्रश्न तिथंच आहे.

कोरेगाव तालुक्यातला तरुण. थोडं आलं, थोडा घेवडा करणारा. मिस्त्रींच्याच ओळखीचा. गाडी बघायला आला तो सगळ्या घरासकट मोटारसायकलवर. एक पोर टाकीवर, पोरगी मधे, बायको मागे एका बाजूला पाय सोडून. बायकोनं मागचं दार उघडून सीटवर हात फिरवला. पोरानं हॉर्न वाजवला. तो म्हणाला, बत्तीस हजार, आत्ता देतो.

मी त्याला खालून सगळं दाखवलं. भोक दाखवलं, बोल्टची जागा दाखवली. तो वाकून बघून म्हणाला, “चालतंय की. ठिगळ मारू.”

मी नाही म्हटल्यावर मिस्त्री मला बाजूला घेऊन बोलले, ते इथं जसंच्या तसं द्यायला हवं. “ताई, आता कसा आलाय बघा त्यो. पाऊस आला तर चौघं भिजणार, ट्रकानं कट मारला तर चौघं रस्त्यावर. तुमची गाडी कितीबी सडकी असू द्या, त्या फटफटीपेक्षा बरी हाय का न्हाई?”

याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं, आजही नाही. मला एवढंच सुचलं की मोटारसायकलवर बसलेल्या माणसाला आपण उघड्यावर आहोत हे ठाऊक असतं. तो ट्रकपासून लांब राहतो, हायवेला लागायच्या आधी दोनदा विचार करतो. गाडीत बसला, काच वर केली, पट्टा लावला की माणूस निर्धास्त होतो. पहिल्याच महिन्यात पाव्हण्यांना घेऊन पुण्याला निघतो. आणि तो पट्टा बांधलेला कशाला, तर सडलेल्या पत्र्याला. त्याला चालत होतं हे खरं, पण मला चालेना. घरी आल्यावर हे म्हणाले, “तुझं मन शांत राहावं म्हणून ती पोरं पावसात भिजणार.” तेही बरोबरच असेल. मी निर्णय बदलला नाही.

मोडीत काढायची पद्धत थोडक्यात सांगते, कारण ‘का’ विचारून झालं की लोक ‘कसं’ विचारतात. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो गाडी कापेल, पण कागदावर ती तुमच्याच नावावर जिवंत राहील. उद्या तिच्या नंबरची प्लेट कुठल्या गाडीवर फिरली तर पोलीस तुमच्या दारात. सरकारकडे नोंद असलेली मोडणी केंद्रं आहेत. मी पुण्याच्या बाजूच्या एका केंद्राला दिली. आरसी, आधार, रद्द केलेला चेक, दंड-कर बाकी नसल्याची खात्री, एवढं लागतं. चासी नंबरचा तुकडा कापून वेगळा काढतात आणि गाडी मोडीसाठी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र देतात. त्यावर आरटीओतली नोंदणी रद्द होते आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, म्हणून जुनी आधी मोडा, नवीचं पासिंग मागून. इन्शुरन्स आणि फास्टॅग आपण बंद करायचे, ते कुणी करून देत नाही. भाव वजनावर. माझ्या हातात सोळा हजारांच्या आसपास आले, म्हणजे बत्तीसातले निम्मे सोडले.

नव्या गाडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेस धरून २९ टक्के होता तो १८ वर आला, त्यामुळे दसऱ्याला शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. सहा एअरबॅग आहेत, नातीची खुर्ची मागे कडीला अडकवता येते. पट्टा न लावता फाटकापर्यंत नेली तरी ओरडते. तिच्यात आणि माझ्यात अजून ओळख झालेली नाही. मिस्त्री बॉनेट उघडतात, बघतात, आणि काही न बोलता बंद करतात.

तो कोरेगावचा तरुण महिन्याभरात ओम्नी घेऊन मोकळा झाला. ओम्नी! जिच्यात ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढे बॉनेटसुद्धा नाही, नुसता पत्रा. मिस्त्रींनीच बघून दिली. मी विचारलं, रनिंग बोर्ड टोचून बघितला होता का?

“बघितला की. आता तुमच्यामुळं खोडच लागलीया. डावीकडं नरम होता, कापून नवीन पत्रा घातला. ठिगळ न्हाई मारलं.”

त्याचे किती घेतले, ते मात्र सांगितलं नाही.