शहाळं, नारळ आणि गोटा

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत मागणारं पत्र आलं आणि मला एकच तास आठवला. जून 1987, नववी ब, मागची चिऱ्याची इमारत, बाहेर धो धो पाऊस आणि भूगोलाच्या बाई. शाळेने मला पुष्कळ दिलं असेल, पण मी लिहिणार ते बाईंबद्दलच.

धडा पृथ्वीच्या अंतरंगाचा होता. बाईंनी फळ्यावर वर्तुळं काढून शेजारी आकडे लिहिले: 2,900 किलोमीटर खोल गेलं की गाभा, 5,150 वर अंतर्गाभा, 6,371 ला केंद्र. मी हात वर केला. “बाई, तिथे कुणी जाऊन आलंय का?” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “उद्या सांगते,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीतून घरच्या वाडीतलं शहाळं, नारळ आणि गोटा निघाला. एकेक त्यांनी माझ्या कानाशी धरून हलवलं. शहाळं गच्च भरलेलं, आवाजच नाही. नारळात पाणी डुचमळलं. गोट्यातलं सुकं खोबरं करवंटीत खडखडलं. कोकणातल्या पोरीला यात शिकवायचं काय? “न फोडता ओळखलंस ना? पृथ्वी हलवायला आपले हात पुरत नाहीत गं. ते काम भूकंप करतो, आणि जगभरची यंत्रं कान लावून बसतात.”

मग तास कधी संपला ते कळलं नाही. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, त्या गाभ्यापाशी अडतात. म्हणजे बाह्य गाभा वितळलेला, लोखंड आणि निकेलचा. पण 1929 च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या वेळी, द्रवातून वाकून पार जाणाऱ्या प्राथमिक लहरीही जिथे पोचायला नकोत अशा पट्ट्यात काही क्षीण लहरी उमटल्या. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी त्या नोंदींचा पिच्छा पुरवला आणि 1936 साली मांडलं की आत आणखी एक गाभा आहे. तो घन आहे हे पुढे ठरलं. पाच हजार अंशांच्या पुढची उष्णता, तरी वरच्या दाबाने लोखंड वितळत नाही. “पृथ्वीच्या पोटात पाणी आणि गोटा दोन्ही आहेत,” बाई म्हणाल्या. त्या हे सांगत होत्या तेव्हा लेहमन 99 वर्षांच्या होत्या, हयात होत्या. हे मला फार उशिरा कळलं, नाहीतर आम्ही वर्गातून त्यांना पत्र धाडलं असतं.

त्याच वर्षी बाईंनी आम्हांला एसटीने अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत नेलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवणारी ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. तिथे विजेच्या ट्राम येणार, त्यांचा नोंदींना उपद्रव होणार, म्हणून 1904 पासून ती इथे आहे. आत शिरण्याआधी बाईंनी रुमाल पसरला आणि आमच्या किल्ल्या, केसांतले आकडे, पिना त्यात गोळा केल्या. वेण्या सुटलेल्या आम्ही मुली चिडीचूप उभ्या होतो.

आज मी पनवेलला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. अंतर्गाभा इंचाइंचाने गोठत वाढतो, त्यातून सुटणारी उष्णता आणि हलकी मूलद्रव्यं वरचं पातळ लोखंड ढवळत ठेवतात, पृथ्वीच्या फिरण्याने त्या ढवळण्याला वळण लागतं आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र टिकतं, जे सूर्याकडून येणारा भारित कणांचा मारा बाजूला वळवतं. हे सांगताना माझ्या तोंडी बाईंचीच वाक्यं येतात. विद्यार्थ्यांना होकायंत्राची सुई दाखवते आणि तिला वळवणारं लोखंड पायाखाली किती खोल आहे ते विचारते.

मध्यंतरी शाळेत येऊन गेले. चिऱ्याची इमारत पाडलेली. नव्या वर्गात पडद्यावर गाभ्याचं चित्र गरगर फिरत होतं, रंग सुरेख होते. कानाशी धरून हलवायला मात्र कुणाच्या हातात काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

तो गोटा बाईंनी मला घरी दिला होता. मी आईला फोडू देईना. शेवटी गणपतीत खिरापतीला खोबरं कमी पडलं तेव्हा तिने फोडलाच. डबीतून खिरापत घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि विचारलं, “काय निघालं आत?”

“गोटाच, बाई.”