तुम्ही विचारलंत म्हणून : फॉर्म ओढून मांडावा की हाताने लिहावा?

जावा शिकवताना जवळजवळ प्रत्येक तुकडीतून हा प्रश्न येतो : नेटबीन्स या जावाचे प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात बटणे आणि चौकटी माउसने ओढून अर्ध्या तासात फॉर्म उभा राहत असेल, तर तोच हाताने कोड लिहून करण्याचा खटाटोप कशासाठी? तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले चार-पाच फॉर्म हाताने लिहावेत आणि मग डिझायनर, म्हणजे नेटबीन्समधली ही ओढून मांडण्याची सोय, खुशाल वापरावा, असे माझे मत आहे. ते बनले एका पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीच्या फॉर्ममुळे. तो मी डिझायनरमध्येच केला होता, पण ‘नल लेआउट’ निवडून, म्हणजे प्रत्येक घटकाची जागा आणि आकार पिक्सेलमध्ये पक्का करून. लेबले इंग्रजीत होती तोवर फॉर्म देखणा दिसत होता. ‘नेम’च्या जागी ‘सभासदाचे संपूर्ण नाव’ आले, तेव्हा शेवटचा शब्द नाहीसा होऊन तिथे तीन टिंबे उरली. अक्षर मोठे केले, तर ‘संपूर्ण’मधला रफार वरून आणि ऊकार खालून छाटला गेला. एक लेबल रुंद करावे, तर शेजारची चौकट सरकवावी लागे, आणि असे चाळीसेक घटक होते. दोष डिझायनरचा नव्हता. मजकूर पाहून जागा वाटून देणे हे लेआउट मॅनेजरचे काम आहे, हे मलाच तोवर नीट उमगले नव्हते.

ते उमगते ग्रिडबॅगलेआउट हा जावातला एक लेआउट मॅनेजर हाताने लिहिताना. त्यात एकेका घटकासाठी ११ गोष्टी ठरवता येतात (आणि त्या सगळ्या एका ओळीत लिहिणाऱ्याचा कोड वाचणे ही शिक्षाच असते). त्यांपैकी वेटएक्स आणि वेटवाय, म्हणजे उरलेल्या आडव्या आणि उभ्या जागेतला घटकाचा वाटा, मुळात शून्य असतात. त्यामुळे खिडकी मोठी केली, की सगळे घटक मधोमध गोळा होऊन बसतात. हा गोळा ज्याने एकदा स्वतः सोडवला आहे, त्याला डिझायनरमध्ये काहीतरी विचित्र सरकले तर कुठे पाहायचे ते कळते.

नेटबीन्स ५.० बरोबर २००६ साली आलेला मटिस हा डिझायनर या बाबतीत बराच शहाणा आहे, कारण तो घटकांमधली अंतरे आणि त्यांचे एका रेषेत असणे नोंदवतो. त्यासाठीचा ग्रुपलेआउट हा लेआउट मॅनेजर पुढे जावा ६ मध्ये आला. त्यात आडवी आणि उभी मांडणी वेगवेगळी सांगावी लागते, म्हणजे प्रत्येक घटकाचा उल्लेख दोनदा येतो. असा कोड यंत्रानेच लिहावा. मात्र दोघांनी एकाच वेळी तो फॉर्म बदलला, तर जावाची फाइल आणि तिच्या जोडीची ‘.फॉर्म’ फाइल अशा दोन्ही जुळवत बसावे लागते, आणि ते काम मला अजूनही नकोसे वाटते.

आणखी एक अडचण पतसंस्थेच्याच फॉर्मची. कोणा सभासदाचा वारस एक असतो, कोणाचे चार. माहिती हाती आल्यावरच ज्यांची संख्या कळणार, त्या चौकटी डिझायनरमध्ये आधीच कशा मांडणार? तिथे मी रिकामे पॅनेल ठेवले आणि त्यात वारसांच्या रांगा भरणारा लूप हाताने लिहिला. नेटबीन्सने स्वतःच्या कोडसाठी राखून ठेवलेल्या राखाडी भागात लिहिता येत नाही, म्हणून त्या लूपची हाक कन्स्ट्रक्टरमध्ये (फॉर्म तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये), डिझायनरचे घटक उभे करणाऱ्या इनिटकंपोनंट्सच्या खालच्या ओळीवर आहे.