गाडी उचलत नव्हती, आणि दोष निघाला भलताच

गायमुखचा घाट चढताना सेकंड गिअरला अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की आमची डिझेल एसयूव्ही आधी उचकी दिल्यासारखी अडखळायची, मग दोन सेकंदांनी पळायची, आणि मागे हा काळा धूर. बायको म्हणाली, मागचा टेम्पोवाला शिव्या घालतोय. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावला, काही एरर नाही, तरी म्हणे इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदला. खर्च ऐकूनच घाम फुटला.

मी आधी स्वस्तातलं केलं. डिझेल फिल्टर बदलला, एअर फ्लो सेन्सर, म्हणजे इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा, त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने साफ केला (कपड्याने पुसू नका, आतली तार नाजूक असते). फरक शून्य!

शेवटी कळव्याच्या मेकॅनिककाकांनी विचारलं, रेस दिल्यावर सूंऽऽ आवाज येतो का? येत होता ना! टर्बोपासून (हा इंजिनात दाबाने हवा भरतो) इंटरकूलरला (हा ती हवा थंड करतो) जाणारा रबरी होज, म्हणजे पाइप, खालून तेलकट, त्यावर धूळ चिकटलेली, अंगठ्याने दाबला तर बोटभर चीर उघडली. गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता नुसती चालू असताना प्रेशर नसतं म्हणून ती चीर बंद आणि सगळं ठीक, दाब वाढला की हवा बाहेर, डिझेल तेवढंच, म्हणून धूर.

होज आणि दोन क्लिपा बदलल्या, अर्ध्या तासाचं काम. परत येताना घाटात मुद्दाम सेकंडला दाबली.