उल्गीतला परवाना आणि वडिलांचं नाव

अल्ताई तवान बोग्द या राष्ट्रीय उद्यानातल्या हिमनद्या बघायच्या तर आधी उल्गीत थांबावं लागतं. मंगोलियाच्या पार पश्चिमेला बायान-उल्गी प्रांत आहे, त्याचं हे मुख्य ठाणं. खोव्द नदीच्या काठी, सुमारे १७०० मीटर उंचीवर, भोवती नुसतं सुकं माळरान. उद्यान रशिया-चीनच्या हद्दीला चिकटलेलं, म्हणून सीमाभागाचा परवाना लागतो.

शुक्रवारी दुपारी विमानातून उतरलो. राजधानी उलानबातरपेक्षा इथलं घड्याळ एक तास मागे. म्हटलं, एक तास फुकट मिळाला! पण पासपोर्टच्या झेरॉक्स विसरलो होतो, त्या काढेपर्यंत परवान्याची कचेरी बंद झाली. मग शनिवार-रविवार मीठ घातलेला दुधाचा चहा पीत बसलो. पहिला पेला कसाबसा संपवला, तिसरा मात्र मागून घेतला.

सोमवारी वाटाड्याबरोबर गेलो. तो कझाक, इथले बहुतेक लोक कझाकच. बाजारात तो कझाकमध्ये बोलायचा, कचेरीत शिरला की मंगोलमध्ये. मुक्कामांची यादी त्याने आधी वाचली आणि म्हणाला, "खोतोन तलाव लिहिला नाहीस. तिकडे जायचंय ना?" जायचं होतं. कागदावर नसलेल्या जागी चौकीवरून परत पाठवतात म्हणे, म्हणून यादी पुन्हा लिहिली.

खरी गाडी अडली ती नावावर. आपल्या पासपोर्टात 'दिलेलं नाव' या ओळीत आधी स्वतःचं, मग वडिलांचं; आडनाव वेगळं. मंगोल पद्धतीत वडिलांचं नाव आधी, स्वतःचं नंतर, आणि रोजच्या व्यवहारात आडनाव नाहीच. त्यामुळे खिडकीतल्या बाईंनी मला वडिलांच्या नावाने नोंदवलं आणि मला माझाच बाप केलं. मी हातवारे करून समजावलं. त्यांनी शांतपणे पासपोर्टावर बोट ठेवलं, जशी ओळ आहे तशीच उतरवली. माझ्या 'काळे'तला ळ इथल्या सिरिलिक लिपीत कुठून येणार? 'कले' झाला. तक्रार कसली करता, इंग्रजीतही तेच होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्का मारलेला कागद हातात आला. दुसऱ्या दिवशी त्सेंगेल गाव ओलांडून चौकीवर पोचलो. जवानाने कागद वाचला, गाडीत डोकावला आणि वडिलांच्या नावाने हाक मारली.

मी हात वर केला.