आमची वाटचाल: कपाटावर चालणारी नाट्यकंपनी

अमळनेरातल्या आमच्या दुकानावर ‘नाटकाचे कपडे भाड्याने मिळतील’ अशी पाटी आहे. लेकीसाठी जिजाऊंचं लुगडं न्यायला आलेल्या बऱ्याच आयांना मागच्या खोलीत तालीम चालू असते हे माहीतही नसतं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची, १९ फेब्रुवारीला शिवजयंती आणि अध्येमध्ये शाळांची स्नेहसंमेलनं. एवढ्या दिवसांत आमच्या कपाटातल्या जिरेटोप, फेटे, नऊवारी आणि नथींचं जे भाडं येतं, त्यावर आमची सहा जणांची कंपनी चालते.

सुरुवातीला असं काही डोक्यात नव्हतं. कॉलेजात असताना राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर दोनदा काम केलं. दोन्ही वेळा दिवाणखान्यातली नाटकं. प्रयोग बघून आई म्हणाली, “हाई कोनी भाषा शे, माय?” म्हणजे ही कुणाची भाषा आहे? हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढे बचत गटातून चाळीस हजारांचं कर्ज काढलं, जुना स्पीकर घेतला आणि आमच्या खान्देशी बोलीतून, अहिराणीतून नाटक बसवलं.

विषय शोधावा लागला नाही. चाळीसगाव-पारोळ्याकडून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, एकटा असेल तर तो अर्धा कोयता. पोराचं लग्न लावलं की घरातून एक कोयता वाढतो. वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापाची भीती वेगळीच. या दोन्हींच्या मधे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला हळद लागते. तिचे आईबाप दुष्ट नसतात. नाटकात त्यांना खलनायक करायचं नाही, हे आम्ही पहिल्या तालमीलाच ठरवलं.

पण पहिल्या वर्षी मोठी चूक झाली. थंडीत जत्रा असतात, माणसं निवांत असतात म्हणून आम्ही जानेवारीत दौरा लावला. गावात पोचलो तर निम्म्या घरांना कुलपं. पारावरचे एक आजोबा म्हणाले, “ज्यासले दखाडनं व्हतं, त्या ते दिवाईलेच गयात.” ज्यांच्यासाठी नाटक केलं तीच माणसं उसाच्या फडावर. त्या दिवशी आम्ही म्हाताऱ्यांसमोर आणि लहान पोरांसमोर प्रयोग केला आणि परत आलो.

तेव्हापासून प्रयोग श्रावण-भाद्रपदात करतो, उचलीची बोलणी चालू असतात तेव्हा. पाऊस असतो, त्यामुळे मंदिराचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा. वीज जाते, म्हणून नाटकात दिव्यांचा खेळच ठेवला नाही. नेपथ्य म्हणजे एक दोरी आणि चार लुगडी. काळ्या मातीत टेम्पो रुतला तर तेवढं सामान डोक्यावर नेता येतं.

हळद लावायच्या क्षणी नाटक थांबतं. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी रूढ केलेली ही रीत आम्ही एका शिबिरात शिकलो. पुढे काय व्हावं ते बघणाऱ्यानं उठून, त्या पात्राच्या जागी उभं राहून करून दाखवायचं. पारोळ्याजवळच्या एका गावात एक बाई आईच्या जागी येऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ बोललीच नाही. मग आमच्या ‘बापा’ला म्हणाली, “पोरले मन्ही मायकडे ठेवूत.” बाप म्हणाला, सासूबाई थकल्यात, त्यांना कोण बघणार? तेवढ्यात मागून दुसरी ओरडली, “मी दखसू!” कायदा काय सांगतो हे लोक विचारतात ते त्यानंतर. २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, मुलगी १८, मुलगा २१, मदतीसाठी १०९८ हा फोन नंबर. खेड्यात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे सांगितलं तेव्हा सगळ्या माना प्रेक्षकांत बसलेल्या भाऊसाहेबांकडे वळल्या. ते उठून पुढे आले आणि त्यांनी आपला नंबर सगळ्यांना लिहून दिला.

आता पैशाचं. एका प्रयोगाला ४,२०० रुपये लागतात. सहा जणांची प्रत्येकी ५०० नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, आणि १,२०० टेम्पोचे. जेवण गावाचं. तिकीट लावत नाही. वीस प्रयोगांचे ८४,००० फेब्रुवारीअखेर वेगळे काढायचे आणि श्रावणापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सगळ्यात अवघड काम हेच. मधे एका योजनेच्या प्रचाराची पथनाट्यं केली. पैसे चौदा महिन्यांनी हातात आले आणि तोवर नटांची नाईट मी उसनवारीनं भागवली. पुन्हा तसलं काम घेतलं नाही.

मार्च २०२० नंतर शाळा बंद, म्हणजे कपाटही बंद. आमचा ढोलकीवाला सुरतला कामाला गेला तो तिकडचाच झाला. त्याची जागा अजून भरलेली नाही, आम्ही ताटावर ठेका धरतो.

यंदा टेम्पो विकत घ्यावा असं दोघांचं म्हणणं आहे. मला आधी कपाट वाढवायचंय. डिसेंबर लागलाय, उद्यापासून इस्त्री. जिजाऊंची चौदा लुगडी शाळांनी सांगून ठेवलीत, प्रत्येकी तीनशे. एका गावाचा प्रयोग निघाला.