सांडपाण्याच्या मागोमाग, जाळीपासून वाफ्यापर्यंत

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर सकाळी आठला पोहोचलो ते मुद्दाम. लहान शहरात सगळे जवळपास एकाच वेळी उठतात, आंघोळी उरकतात. त्यामुळे सकाळचा लोंढा दिवसाच्या सरासरीच्या दुप्पट-तिप्पट असतो. मोठ्या शहरात वाहिन्या लांब, म्हणून तो वाटेतच पसरून जातो. केंद्राची परीक्षा बघायची तर हीच वेळ.

पहिला थांबा जाळीचा: आधी 20 मिलिमीटर फटींची, मग 6 मिलिमीटरची. इथे आधी नाकाने बघावं. ताजं सांडपाणी राखाडी, वास कुबट. पाणी काळं आणि वास सडक्या अंड्यांचा असेल, तर ते पंपाच्या विहिरीत फार वेळ तुंबलेलं आहे. हा हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास नाही म्हणून विहिरीत उतरणारा माणूस त्यातच जातो. गॅस मीटर, ब्लोअरची हवा आणि वर दोरी धरून उभा माणूस, यातलं एक जरी नसेल तरी उतरायचं नाही.

पुढे ग्रिट चेंबर, म्हणजे वाळू खाली बसवणारी टाकी. इथे पाण्याचा वेग सेकंदाला 0.3 मीटरच्या आसपास हवा. जास्त झाला तर वाळू पुढे जाऊन पंपाचे इम्पेलर (आतली फिरती पाती) खाते. कमी झाला तर वाळूबरोबर मैलाही बसतो आणि ढीग घाण मारतो.

खरा मुक्काम एअरेशन टँकवर, म्हणजे पाण्यात हवा सोडतात त्या टाकीवर. जिवाणूंनी भरलेला तपकिरी गाळ, खालून बारीक बुडबुडे, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास. एका जागी पाणी मोठ्या बुडबुड्यांनी उसळत असेल तर तिथला डिफ्यूझर (बुडबुडे सोडणारा भाग) फाटलाय. पांढरा साबणी फेस म्हणजे गाळ कोवळा (टाकीत थोडेच दिवस राहिलेला), चिकट तपकिरी साय म्हणजे बहुधा म्हातारा.

ऑपरेटरचं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे एक लिटरचं काचेचं नळकांडं. टाकीतलं पाणी भरायचं, 30 मिनिटं हलवायचं नाही. गाळ 300 मिलिलिटरवर बसला आणि टाकीतला घन भाग लिटरला 3,000 मिलिग्रॅम असेल, तर गाळ किती नीट बसतो ते सांगणारा निर्देशांक 100, उत्तम. 150 च्या वर गेला की तंतुमय जिवाणू माजलेत असं धरावं. कारण बहुधा ऑक्सिजनची किंवा पोषकांची कमतरता. मात्र गाळ नीट बसून दोनेक तासांनी ढेकळांसारखा वर आला तर दुखणं वेगळं: तळाशी नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन तो गाळ उचलतो. मग क्लॅरिफायरच्या (गाळ बसवणाऱ्या पुढच्या टाकीच्या) तळातून गाळ लवकर एअरेशन टँकमध्ये परत खेचायचा. तिथे हवा वाढवत बसणं म्हणजे फुकटची वीज.

सगळा गाळ परतही पाठवायचा नाही. रोज थोडा बाहेर काढावाच लागतो, आणि कंटाळा इथेच नडतो. तो साठत जातो. पहिल्या जोरदार पावसात गळक्या वाहिन्यांतून पाणी घुसतं आणि अख्खा थर क्लॅरिफायरच्या काठावरून वाहून जातो.

क्लोरिनच्या टाकीत पाणी अर्धा तास ठेवतात. तिथे बघण्यासारखं फारसं नाही.

शेवटी वाळूचे वाफे, बाहेर काढलेला गाळ सुकवायला. गाळाचा थर 20 ते 30 सेंटिमीटर. जाड ओतला तर वरून पापडी धरते आणि आत चिखल राहतो. कोरड्या उन्हात 10 ते 15 दिवस. रुंद भेगा पडल्या की फावडं लावायचं. त्याआधी उचलायला गेलं तर वाळूही सोबत निघते आणि दर खेपेला वाफा पातळ होत जातो.